आटपाडीकर गेला

विलास, तू गेलास हे मी इंटरनेटवरच्या त्या कट्ट्यावर सांगितलं आणि लोक हसले.

तुझ्याच तिथल्या नावानं, आटपाडीकर म्हणून, आत शिरलो होतो. माझं नाव दिसलं की निम्मे लोक उत्तरच देत नाहीत, हे तुला माहीत आहे. तिथल्या रिवाजाप्रमाणं मराठी इंग्रजी अक्षरांत टाईप केली, 'आटपाडीकर गेला'. लगेच एकानं विचारलं, कुठं गेला? दुसऱ्यानं लिहिलं, जेवायला गेला असेल, आटपाडीत लवकर जेवतात. तिसरा म्हणाला, मग हे टाईप कोण करतंय? मग मी 'वारला' असं टाईप केलं. इंग्रजी अक्षरांत त्याचा 'वरला'ही होतो. वरला म्हणजे कुठला, वरच्या आळीचा का, असा प्रश्न आला आणि पुन्हा सगळे हसले. वर्षभर तू या लोकांना दोस्त म्हणत होतास. आधी मला तुझाच राग आला, त्यांचा नंतर.

तुझ्याबद्दल चार ओळी लिहून द्या असं मला कुणी सांगितलेलं नाही. जन्म कधी, शिक्षण किती, स्वभाव मनमिळाऊ, हे सगळं तुझे मामा विधीच्या दिवशी माईकवर बोलले. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर आहे आणि तू मध्येच उठून गेलास, हे मला पटलेलं नाही.

आपली ओळख कशी झाली ते तरी आठवतंय का? चाचांचं एसटीडी बूथ सांगलीच्या स्टँडजवळ, आणि त्याच्या मागच्या अंगाला मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवत बसलेला. तू औषधांच्या घाऊक दुकानात कामाला. संध्याकाळी दुकान सुटलं की यायचास, आटपाडीला तुमच्या घरासमोरच्या किराणा दुकानात फोन करायचास, 'आईला बोलवा' म्हणून ठेवायचास, आणि ती येईपर्यंत माझ्याशेजारी स्टुलावर बसायचास. आपली दोस्ती त्या थांबण्यातली. तुझ्या आईचे, मावशींचे, गुडघे दुखत होते म्हणून त्यांना यायला वेळ लागायचा, आणि म्हणून ती वाढली.

बसल्या बसल्या तू माझ्या पत्रिकांतल्या चुका काढायचास. एकदा म्हणालास, तुमच्या पत्रिकेत नवऱ्याचं नाव वाचायचीसुद्धा गरज नाही, कुणाला वंदन केलंय ती सगळ्यात वरची ओळ बघितली की लग्न कुणाच्यातलं ते कळतं. कुणाच्यातलं. आपल्याकडं जात कुणी विचारत नाही, सभ्य लोक आहेत आपले. फक्त 'कुणाच्यातलं' एवढंच विचारतात.

मग चाचांनी इंटरनेट घेतलं. गिऱ्हाईक वाढेल असं त्यांना वाटलं होतं. वाढलास तू एकटा. नेट लावलं की फोनची लाईन अडकायची, म्हणून रात्री दर उतरून फोनवाल्यांची रांग लागायच्या आत तुझं चॅटिंग उरकायचं, असा करार झाला. तरी चाचा बाहेरून काउंटरवर नाणं वाजवत बसायचे आणि तू आतून 'झालंच, चाचा' म्हणत राहायचास.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटरनं नाव विचारलं. मी तुझं खरं नाव टाईप करायला लागलो तर तू माझा हात धरलास. म्हणालास, आटपाडीकर लिही. मला हसू आलं. आटपाडीला पाऊस फिरकत नाही, तिथली पोरं मिसरूड फुटलं की सोनं गाळायच्या कामाला पार मद्रासपर्यंत जातात, आणि हा गडी गावाचं नाव छातीला लावून मिरवणार. तू हसला नाहीस. म्हणालास, "हितं वरची ओळ न्हाई, सलीम. पैल्यांदाच न्हाई. र्‍हाऊ दे की जरा."

राहू दिलं. 'कर' लावलं की माणूस फक्त गावाचा होतो, बाकीचं झाकलं जातं. माझ्याकडं तसली सोय नव्हती. मी आपलं सरळ 'सलीम' लिहून आत गेलो, तर त्या मराठी कट्ट्यावर मला पहिला प्रश्न हिंदीतून आला, आपको मराठी आती है? आम्ही आष्ट्याचे. आमचे आजोबा, पणजोबा आष्ट्यातच शिलाईकाम करून गेले. अम्मी शेजारणीशी भांडते तीसुद्धा अस्सल आष्ट्याच्या मराठीत. मी शिवी टाईप करणार एवढ्यात तू कीबोर्ड ओढून घेतलास आणि लिहिलंस, मी याच्याकडूनच मराठी शिकतोय, शुद्धलेखन सांभाळून बोला. त्या एका वाक्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आता मानतो. तुला काही उपयोग नाही, पण मानतो.

तिथं तू कुणी वेगळाच व्हायचास, हे खरं आहे. दुकानात मान खाली घालून खोकी मोजणारा तू, तिथं चेष्टा काय करायचास, कोडी काय घालायचास. तू आला नाहीस की लोक विचारायचे, आटपाडीकर कुठं आहे? रहिमतपूरची एक शिक्षिका होती, मोगरा नावानं यायची. तिला शाळेच्या गॅदरिंगसाठी तू नाटुकलं लिहून दिलंस. आणि साताऱ्याचा तो कंदी. पेढ्यावरून घेतलेलं नाव. त्याचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. एवढी सभ्यता मला अजून आहे.

कंदीच्या वडिलांचं औषध साताऱ्यात मिळेना, तेव्हा तू सांगलीतली दुकानं पालथी घातलीस. मिळालं तेव्हा बर्फात गुंडाळून, साताऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातापाया पडून पाठवलंस. एकदा नाही, दर महिन्याला. कंदीनं कट्ट्यावर सगळ्यांसमोर लिहिलं, तू माझा भाऊ झालास. ती ओळ तू मला दोनदा वाचून दाखवलीस. मी शेजारीच बसलो होतो, मला दिसत होती.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणत होतो, भाऊ झालास ना, मग आता नाव सांग. लपवून मिळवलेली दोस्ती दोस्ती नव्हे. तू म्हणायचास, लपवत नाही, आधी माणूस कळू दे, मग आडनाव कळू दे, आजवर उलटंच होत आलंय. मी म्हणायचो, मी पहिल्या दिवसापासून माझं नाव लिहितो, राहिले ते राहिले, गेले ते गेले. त्यावर तू जे बोललास ते मला अजून टोचतं.

"तुला लपवायची सोय न्हाई म्हणून तू शूर हाईस, गड्या."

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू रोज येऊन स्टुलावर बसत होतास, मावशी फोनवर येईपर्यंत माझ्या पाठीकडं बघत. तिसऱ्या दिवशी पत्रिकेत मीच 'वधू'च्या जागी 'वधु' लिहिलं आणि तू बोट ठेवलंस, तिथं मिटलं. मिटलं म्हणजे बोलणं सुरू झालं. भांडण तसंच राहिलं.

मग कंदीनं घरी जेवायला बोलावलं. वडील बरे झाले होते. तू नवा शर्ट घेतलास आणि मला ओढून नेलंस, एकट्याला धीर नव्हता. घर चांगलं होतं, माणसंही चांगली होती, हे मी शपथेवर सांगेन. कंदी दारातच गळ्यात पडला. वडिलांनी तुझा हात दोन्ही हातांत घेतला. तुला आत नेलं. मला म्हणाले, तुम्ही इथं ओसरीवर ऐसपैस बसा, आत अडचण आहे. माझं ताटही ओसरीवरच आलं. माझं नाव त्यांना आधीपासून माहीत होतं ना. मला काही वाटलं नाही म्हणणार नाही, पण नवं काही वाटलं नाही.

दार उघडं होतं. तू पाटावर बसलेला मला दिसत होतास. कंदीची आई वाढता वाढता मायेनं विचारत होती, औषध पाठवणारा तो तूच का, आई काय करते, भाऊ किती. मग तो प्रश्न आला. त्यात काही वाकडं नव्हतं. भाजी वाढताना विचारतात तसाच आला.

"आटपाडीत कुणाच्यातलं म्हणायचं तुमी?"

उत्तर तुझ्याकडं तयार होतं, मला माहीत आहे. मूळचे दुसरीकडचे, आटपाडीला येऊन राहिलो, म्हणून आटपाडीकर. गाडीत तू ते माझ्यासमोर म्हणून बघितलं होतंस. तू मान वर केलीस. समोर दार होतं, दारातून ओसरी दिसत होती, ओसरीवर मी ताट घेऊन बसलो होतो. तू म्हणालास, "कांबळ्यांच्यातला, काकू."

कुणी वावगं बोललं नाही. खरंच नाही. काकू भाजीचं पातेलं घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळानं वडील म्हणाले, आत फार उकडतंय, तुम्ही दोघं मित्र ओसरीवर वाऱ्याला बसा की. कंदीनं तुझं ताट स्वतः उचलून आणलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. त्याला एकदम कुणाचा तरी फोन येणार होता, तो आत गेला. मी तुला म्हणालो, ये, जागा धरून ठेवली होती. चेष्टेनंच म्हणालो. तू हसला नाहीस. भात मात्र सगळा संपवलास, पानात टाकलं तर त्या माऊलीला वाईट वाटेल म्हणून.

परतताना कऱ्हाडपर्यंत तू खिडकीतून बाहेर बघत होतास. मला वाटलं, आता तरी तुझं डोकं ठिकाणावर आलं. कऱ्हाडच्या स्टँडवर चहा घेताना तू म्हणालास, ते त्याच्या घरच्यांनी केलं, त्यानं नाही. मी म्हणालो, ताट कुणी उचललं? तू म्हणालास, उचलताना हात थरथरत होता त्याचा. मी म्हणालो, थरथरत्या हातानं का होईना, बाहेर आणून ठेवलंच ना. आजूबाजूची माणसं बघायला लागली. तू ग्लास ठेवलास आणि म्हणालास, "सगळ्यास्नीच सोडून दिलं तर मग बोलू कुणासंगं?"

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कट्ट्यावर. कंदीही हजर. कालचं जेवण आवडलं का भावा, असं त्यानं लिहिलं आणि तू लिहिलंस, एकदम झकास. मी शेजारी बसून वाचत होतो. मला वाटलं, कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर टाकावा. पडद्यावर भाऊ आणि घरी ओसरी, आणि तुला दोन्ही चालतं? तू औषध पाठवणंही थांबवलं नाहीस. औषधाला काय कळतंय, म्हणालास. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार असं पेपरात येतंय, तर त्याआधी सगळ्यांना एकदा भेटून यायचं, असले बेत करत होतास. माझा राग मी गिळला नाही. पण 'कांबळ्यांच्यातला' का म्हणालास, दारातून मी दिसलो म्हणून का, हे विचारायचं मात्र राहून गेलं. विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास, आणि मग मी काय केलं असतं?

उसाचा हंगाम सुरू होता. दुकानाच्या मोटारसायकलवर औषधांची खोकी बांधून तू विट्याला निघालास. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी, मागं ना दिवा ना लाल फडकं. रात्री बूथमधला फोन वाजला. या वेळी तो तिकडून आला होता, त्याच किराणा दुकानातून. मावशी होत्या. "सलीम, इलास गेला रं."

मी विचारलं, कुठं गेला मावशी? दुपारी तर हितंच हुता.

म्हणून कट्ट्यावरच्या लोकांना बोलायचा मला तसा हक्क नाही. तरी बोलणार.

आटपाडीला तुझी माणसं होती, दुकानातली पोरं होती, मी होतो. सगळं रीतीनं झालं. जलदान विधीच्या पत्रिकाही मीच जुळवल्या. सगळ्यात वरची ओळ लिहिताना माझी बोटं अडली, पण लिहिली, ठळक अक्षरांत. तुझं पूर्ण नावही ठळक घातलं. त्या दिवशी मावशींनी मला बाजूला बोलावलं. डोळे कोरडे पडले होते त्यांचे. विचारलं, "ते कम्प्युटरातलं दोस्त आलं न्हाईत?" मी म्हणालो, त्यांना अजून कळलेलं नाही. तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "कळीव त्यास्नी. आन सातारच्या त्या माऊलीला आठवणीनं कळीव. घरात बशीवून, आपल्या हातानं वाढून जेवू घातलंय तिनं माझ्या लेकराला. इलास सांगत हुता, आई, माझ्याशेजारी बसून आग्रह करत हुती."

नालायका, हेही सांगितलंस? ओसरी गाळलीस, मला गाळलंस, ताट गाळलंस आणि उरलेलं जेवण आईला नेऊन दिलंस. तिथं मांडवात उभा राहून मी तुला मनात एवढ्या शिव्या दिल्या की तू असतास तर कीबोर्ड ओढून घेतला असतास.

म्हणून मी तुझ्या नावानं कट्ट्यावर गेलो. हसणं झालं. मग मी सरळ लिहिलं, मी सलीम, विट्याच्या रस्त्यावर अपघात झाला, तो मेला. मग एकामागून एक आलं, फार वाईट झालं, फार वाईट झालं. काहींनी रडक्या चेहऱ्याची खूण टाकली. तेवढ्यात कुणीतरी नवा आत आला, त्यानं सगळ्यांना हाय केलं, मुली आहेत का विचारलं, आणि दोघेतिघे त्याच्याशी बोलायला लागले. तुझं मरण पडद्यावर वर वर सरकत दिसेनासं झालं.

मोगरा मात्र थांबली होती. तिनं लिहिलं, मी रडतेय. शाळेत मुलांना सांगायचं आहे, त्यांचं नाटुकलं लिहिणारे गेले म्हणून. त्यांचं पूर्ण नाव काय होतं हो? वर्षभर बोलले, विचारायचं राहिलंच.

कंदी होता तिथं. त्याचं नाव बाजूच्या यादीत दिसत होतं. माझ्याशिवाय सगळ्या कट्ट्यात तुझं नाव-आडनाव माहीत असलेला तो एकटा. मी हात मांडीवर ठेवून थांबलो. म्हटलं, भाऊ म्हणत होतास ना, सांग भावाचं नाव. बाहेर चाचांनी नाणं वाजवलं, मी हललो नाही. बऱ्याच वेळानं कंदीची ओळ आली. 'आपल्यासाठी तो आटपाडीकरच होता.'

मोगरानं त्याखाली लिहिलं, किती छान बोललात.

मग मी टाईप केलं. विलास धोंडीराम कांबळे, आटपाडी. खाली ओळ उमटली, कंदी कट्ट्यावरून गेला. मोगरानं नाव लिहून घेतलं का नाही, तेही कळलं नाही. तिचं पुढचं काही आलं नाही, आणि मी बंद करून उठलो. तू असतास तर म्हणाला असतास, लाईन गेली आसंल रं त्याची, सातारला लाईन सारखी जाती. आणि मी म्हणालो असतो, नेमकी तेव्हाच बरी जाते. आणि मावशी फोनवर येईपर्यंत आपण भांडलो असतो.

आज संध्याकाळी मावशींचाच फोन आला. तुझ्या वेळेला. गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत दुकानापर्यंत आल्या असणार, धाप लागली होती. विचारलं, "सांगितलंस का सातारच्या माऊलीला? काय म्हणली?"

कोण कुठला मी, पहिल्या दिवसापासून आपलं नाव सरळ लिहिणारा. नाव लपवू नये, खोटं बोलून दोस्ती करू नये, हे तुला वर्षभर शिकवणारा. रिसीव्हर कानाला लावून मी तुझ्या रिकाम्या स्टुलाकडं बघितलं.

म्हणालो, "रडली, मावशी. लय रडली. घरातलंच पोरगं गेलं म्हणली."

पलीकडं त्या पहिल्यांदा रडल्या. मी फोन धरून उभा राहिलो. चाचांनी या वेळी नाणं वाजवलं नाही.

घे, विलास. आता मलाही लपवायची सोय झाली.